तिसरं घर

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, चहा झाला. सगळ्या उठायच्या बेतात असताना कोपऱ्यातल्या एक काकू हळूच म्हणाल्या, "ताई, मले आता टेकडीवर जाऊन रायाचं हाये."

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग एकदम हशा पिकला. "काऊन जी काकू, सून जेवाले देत नाई का?" "भगवी साडी घेतली का मग?" काकूसुद्धा हसल्या, पण कसनुशा. मी मात्र हसू शकले नाही. का, ते पुढे सांगते.

टेकडी म्हणजे अड्याळ टेकडी, ब्रह्मपुरी तालुक्यातली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या विचारानं गीताचार्य तुकारामदादांनी तिथं सामुदायिक जीवन उभं केलं. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे गावोगावी गुरुदेव सेवा मंडळं आहेत. सकाळचं सामुदायिक ध्यान, संध्याकाळची प्रार्थना आणि ग्रामगीतेचं वाचन यातच अनेकींचं बालपण गेलंय. काकू त्यातल्याच. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. दोन एकर धानाची शेती, एक मुलगा, सून, दोन नातवंडं. उपाशी कुणी ठेवत नाही, टाकून कुणी बोलत नाही. मग हे काय खूळ?

दुसऱ्या दिवशी सकाळीच मुलगा माझ्या दारात. बिचारा रडवेला झाला होता. "ताई, तुम्हीच समजवा आईले. गावात मले तोंड दाखवाले जागा राहणार नाई. लोक म्हणतील, पोरानं मायले आश्रमात टाकलं."

मुलगा वाईट नाही हो. आईची औषधं वेळेवर आणतो, यात्रेला घेऊन जातो. पण त्याच्या बोलण्यातला एक शब्द मला दिवसभर टोचत राहिला, 'टाकलं'. बाई स्वतःच्या पायांनी कुठे जाते, असं आपल्याला वाटतच नाही. तिला कुणीतरी देतं, आणतं, पाठवतं, नाहीतर टाकतं.

बाईला घरं दोनच. एक माहेर, दुसरं सासर. पहिलं आपलं म्हणावं तर 'दिल्या घरी सुखी राहा' म्हणून निरोप मिळालेला असतो. दुसऱ्यात उभ्यानं यायचं आणि आडव्यानंच जायचं. या दोन्हींतलं एकही घर जिचं राहिलं नाही, तिनं कुठे जावं? आणि दोन्ही असूनही जिला आयुष्याचा काही काळ वेगळ्या रीतीनं जगावासा वाटतो, तिनं काय करावं? मैत्रिणींनो, हा प्रश्न मला वयाच्या एकविसाव्या वर्षी पडला होता.

माझं माहेर वरोऱ्याचं. बाबा आमटे आणि साधनाताईंचं आनंदवन आमच्या गावाला लागूनच. महारोगी सेवा समिती १९४९ साली स्थापन झाली आणि १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचं उद्घाटन झालं, हे आम्हाला शाळेपासून पाठ. माझं बी.ए.सुद्धा तिथल्याच आनंद निकेतन महाविद्यालयातलं. म्हणजे बघा, गाव ज्यांच्या सावलीला उभं राहत नव्हतं, त्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीनं १९६४ साली गावाच्या पोरांसाठी कॉलेज काढलं! आम्ही तिथं शिकलो, पदव्या घेतल्या. आणि खरं सांगते, तीन वर्षं मी डबा घरचा नेला आणि पाणीही घरचंच प्यायले.

बी.ए. झालं आणि दाखवण्याचे कार्यक्रम सुरू झाले. पोहे, चहा, "मुलगी सावळीच आहे". पाचवा नकार आला त्या रात्री वडील जेवले नाहीत. मला त्या घरात श्वास घेणं कठीण झालं होतं. त्यापूर्वी मे महिन्यात मैत्रिणीबरोबर मी सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला जाऊन आले होते. सोमनाथ म्हणजे मूल तालुक्यातला आनंदवनाचाच प्रकल्प. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन म्हणजे काय, ते इकडच्यांना सांगायला नको. भल्या पहाटे कुदळ-फावडं घेऊन निघायचं, माती खणायची, घमेली वाहायची. घमेलं पुढच्या हातात देताना कुणाची जात, कुणाचा रंग, कुणाचा हुंडा काही विचारलं जात नव्हतं. आठवड्याभरात तळहाताला फोड आले. पण मान ताठ करून घरी परतले होते.

म्हणून त्या नकारानंतर मी म्हटलं, "मी काही दिवस आनंदवनात राहून काम करते."

आईनं कपाळावर हात मारला. "अगं, लोक म्हणतील पोरीला तो रोग झाला, म्हणून ठेवली तिथं. मग कोण करील लग्न?" आईचं चुकलं असं मी आज म्हणणार नाही. तिनं आयुष्यभर जे पाहिलं तेच ती बोलली. भांडून, रडून, उपास करून शेवटी परवानगी मिळाली. 'काही दिवस' म्हणता म्हणता दहा महिने राहिले. १९९९ चा पावसाळा ते २००० चा उन्हाळा.

पहिल्या दिवसाची गोष्ट मी फार कमी जणांना सांगितली आहे. एका आजींनी मला पाण्याचा पेला दिला. रोग कधीच बरा झालेला, पण बोटं झडून गेलेली. दोन तळव्यांत पेला धरून त्यांनी पुढे केला. मी घेतला, "हो, पिते" म्हटलं, आणि भिंतीआड जाऊन ओतून दिला. परत आले तर आजी माझ्याकडेच बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेला पुढे! चौथ्या दिवशी मी तो प्यायले. औषध सुरू झालं की थोड्याच काळात या रोगाचा संसर्ग थांबतो, बऱ्या झालेल्या माणसापासून धोका नसतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि घशाखाली उतरणं वेगळं. खुद्द बाबांनाही पहिल्यांदा पावसात गटाराकडेला पडलेला तुळशीराम दिसला तेव्हा ते घाबरून पळाले होते आणि मग स्वतःच्या त्या भीतीची लाज वाटून परत फिरले होते. ती हकिगत मला त्या चार दिवसांत खूप आधार देऊन गेली.

कुणी म्हणेल, आनंदवन म्हणजे काही आश्रम नव्हे, तिथं कुठलं अध्यात्म? मलाही तेव्हा असंच वाटायचं. माझ्या डोळ्यांसमोर आश्रम म्हणजे भगवी वस्त्रं, आरती, गुरूंचे पाय. इथं सकाळी उठून जो तो कामाला. कुणी मागावर, कुणी शेतात, कुणी गोठ्यात, कुणी स्वयंपाकघरात. ज्याला जे अवयव शिल्लक, त्यानं त्या अवयवांनी करायचं काम. बाबांना १९९० मध्ये टेम्पल्टन पुरस्कार मिळाला, तो धर्म-अध्यात्माच्या क्षेत्रातल्या कामासाठी दिला जातो, हे मला नंतर कळलं. त्याच वर्षी बाबा नर्मदेकाठी राहायला गेले होते. त्यामुळे माझ्या वाट्याला त्यांचं नाव जास्त आणि दर्शन अगदी कमी आलं. एका अर्थी ते बरंच झालं. थोर माणसाकडे बघत बसण्यापेक्षा शेजारी कोण राहतंय ते नीट बघता आलं.

मला काम मिळालं होतं ते कधी स्वयंपाकघरात, कधी पत्रं लिहून द्यायचं. ज्यांना लिहिता येत नव्हतं किंवा ज्यांच्या हाताला पेन धरवत नव्हतं, त्यांची पत्रं. पेला देणाऱ्या त्याच आजी दिवाळीच्या आधी मला बोलवायच्या. पोस्टकार्ड असायचं भावाला. मजकूर ठरलेला. मी खुशाल आहे, वहिनीला आशीर्वाद, पोरांना गोड पापे, भाऊबीजेला ओवाळीन म्हणते, सवड झाली तर ये. पत्ता लिहून मी विचारलं, "आजी, उत्तर येतं का?" त्या म्हणाल्या, "नाई येत. पण पत्र वापसही येत नाई नं. म्हणजे घेते कोणीतरी."

हे वाक्य गेली पंचवीस वर्षं माझ्याबरोबर आहे.

आजींना नवऱ्यानं सोडलं ते डाग दिसल्यावर. आणि त्यात त्याची बेइमानी तरी कशी म्हणावी, कायदाच त्याच्या बाजूनं होता! १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे जोडीदारापासून सुटका मिळवण्याचं कारण म्हणून लिहिलेलं होतं. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आले, रोग पूर्ण बरा होऊ लागला. तरी कायद्यातलं ते कलम निघायला २०१९ साल उजाडावं लागलं. तोवर किती बायकांचं सासर गेलं असेल आणि त्यापाठोपाठ माहेरही, याचा हिशेब कोण देणार? अशा बाईला समाजानं घर दिलं नाही. ते तिनं तिच्यासारख्यांच्या सोबतीनं खडकाळ माळरान फोडून उभं केलं. तिथं ती कुणाची सोडलेली बायको नव्हती. मागावर चादरी विणणारी बाई होती. तिथं बऱ्या झालेल्यांची लग्नं लागली, संसार झाले. मी त्या घरांतून चहा प्यायलेली आहे.

आता स्वयंपाकघराचं सांगते. तुम्हाआम्हाला ते जास्त जवळचं. मोठमोठी पातेली, शेकड्यांनी जेवणारी माणसं. बसून भाज्या चिरायला पुरुषही असायचे, अगदी सराईतपणे. आणि मला एक वाक्य पहिल्यांदा म्हणता आलं, "आज माझी पाळी नाही." हसू नका! आमच्या घरी आईला चुलीपासून सुट्टी मिळायची ती दुसऱ्याच पाळीमुळे, तीही बाजूला बसवून. इथं पाळी म्हणजे कामाची पाळी. आज माझी, उद्या दुसऱ्याची. ज्या दिवशी नाही त्या दिवशी मी झाडाखाली पुस्तक घेऊन बसू शकत होते आणि मला अपराधी वाटत नव्हतं. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत हे वाक्य मी घरात एकदाही उच्चारू शकलेले नाही. माझे यजमान हे वाचतील. वाचू देत.

सामुदायिक जीवनाच्या गोष्टी सांगताना आपण तत्त्वं सांगतो, चूल विसरतो. बाबांनी आणि साधनाताईंनी १९४६ मध्ये लग्न झाल्यावर आनंदवनाच्याही आधी वरोऱ्यात श्रमाश्रम काढला होता. वेगवेगळ्या जातीधर्मांची माणसं एकत्र राहतील, कमाई एकत्र करतील. नागपूरच्या कर्मठ घरातून आलेल्या साधनाताई त्या सगळ्यांसाठी राबल्या. तो प्रयोग फार काळ चालला नाही. साधनाताईंच्या आत्मकथनाचं नाव 'समिधा'. यज्ञ सगळ्यांना दिसतो, जळते ती समिधा. ते पुस्तक वाचनालयात मिळालं तर जरूर वाचा.

त्याच वर्षी वर्ध्याला गाडीनं जाऊन पवनारही पाहून आले. धाम नदीच्या काठावरचं ब्रह्मविद्या मंदिर. विनोबांनी २५ मार्च १९५९ रोजी ते स्त्रियांसाठी सुरू केलं. ब्रह्मविद्या बायकांच्या हाती आली पाहिजे आणि ती गुहेत एकट्यानं बसून नाही, तर सामूहिक साधनेतून, असा त्यांचा आग्रह. तिथं राहणाऱ्या भगिनी प्रार्थना करतात, शेतीत आणि स्वयंपाकात सारख्याच राबतात. 'मैत्री' नावाचं हिंदी मासिक त्यांनी १९६४ पासून चालवलं. आणि निर्णय कसे घेतात? बहुमतानं नाही, सर्वसंमतीनं. एकीचं जरी मन नसेल तर थांबायचं, पुन्हा बोलायचं. आमच्या चार जावांत हे करून बघा म्हणते मी!

तर काकूंच्या मनात जे आलं ते काही आजकालचं खूळ नाही. विदर्भाच्या मातीत ते फार जुनं आहे. तेराव्या शतकात चक्रधरांनी महानुभाव पंथात बायकांना संन्यासाचा अधिकार दिला. महदंबा, म्हणजे महदाइसा, आद्य मराठी कवयित्री म्हणून जिचं नाव घेतात, ती विधवा बाई याच पंथातली. आपल्या अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर तिचं ठिकाण. प्रश्न विचारून विचारून तिनं गुरूलाही स्वस्थ बसू दिलं नाही, अशी तिची ख्याती. सातशे वर्षांपूर्वी विधवेला जे दार उघडं होतं, ते आज काकूंना दाखवताना आपल्या बायकाच हसतात, याचं मला वाईट वाटलं.

हे सगळं लिहिताना दुसरी बाजूही लपवून चालणार नाही. सामाजिक काम करताना मी एका बाईला एका आश्रमातून परत आणलेलं आहे. कुठला ते सांगत नाही. तिचा फोन काढून घेतला होता. भावाला भेटायला 'महाराजांची परवानगी नाही' म्हणून सांगत होते. तिच्या नावच्या शेतीच्या बक्षीसपत्राचे कागदही तयार होते, सही तेवढी राहिली होती. तेव्हापासून कुणी आश्रमात जाते म्हणाली की मी आधी देवाचं काही विचारत नाही. तिथं तुझ्या आधीपासून राहणाऱ्या बायकांशी एकटीनं बोललीस का? स्वयंपाक आणि धुणी फक्त बायकाच करतात की सगळे? संस्था नोंदणीकृत आहे का, हिशेब कोण बघतो? आणि मुख्य म्हणजे, नको वाटलं तर उद्या सकाळी पिशवी उचलून निघता येईल का? जिथं यायला फाटक मोठं आणि जायला खिडकीसुद्धा नाही, तिथं पाऊल टाकायचं नाही. सातबारावरचं नाव आणि बँकेचं पासबुक तर कुठल्याच गुरूच्या पायाशी ठेवायचं नाही. मुलाच्याही नाही, पण तो वेगळा लेख होईल.

मी आनंदवनातून निघाले तेव्हा मला कुणी अडवलं नाही. निघाले, कारण मला माझी स्वतःची चूल हवी होती, मूल हवं होतं. शंभर माणसांत एकटं बसायला कोपरा मिळत नाही, याचाही कंटाळा आला होता. सामुदायिक जीवन प्रत्येकीला झेपेलच असं नाही, मला पुरतं झेपलं नाही. पण दहा महिन्यांनी घरी आले ती मुलगी पोह्यांची बशी घेऊन खाली मान घालून बसायला तयार नव्हती. पुढच्या स्थळाला मीच दोन प्रश्न विचारले. तेच आमचे हे. आणि मग वैनगंगा ओलांडून मी आरमोरीला आले.

काकूंच्या मुलाला मी यातलं बरंच काही सांगितलं. तो ऐकत होता, पण पटत नव्हतं. शेवटी म्हणाला, "पण ताई, तिले इथं कमी काय हाये?"

मी काकूंकडे गेले, त्यांनाच विचारलं. त्या धान पाखडत होत्या. सूप खाली न ठेवता म्हणाल्या, "कमी काई नाई व माय. पण इथं मी कोणाची तरी आजी, कोणाची तरी सासू. कोणी माह्या नावानं हाक नाई मारत. तिकडं प्रार्थनेले बसलो का मी मीच रायतो."

मग आम्ही तिघांनी बसून ठरवलं. आधी टेकडीवर विचारून यायचं, तिथली रीत काय, राहता येतं का, किती दिवस. तिथून होकार आला तर रोवणी आटोपल्यावर पंधरा दिवस जाऊन बघायचं. शेती काकूंच्याच नावावर राहील. मुलगा स्वतः मोटारसायकलवर सोडून देईल आणि स्वतः आणायला जाईल, म्हणजे 'टाकलं' म्हणायला कुणाला तोंड उरणार नाही. सुनेनं बीपीच्या गोळ्या कधी घ्यायच्या ते मोठ्या अक्षरात लिहून द्यायचं कबूल केलं. लिहिता लिहिता ती हळूच मला म्हणाली, "ताई, माह्या वयात पण जाता येते का जी?" तिच्या नवऱ्यानं ऐकलं नाही, बरं झालं.

परवाच्या बैठकीला काकू आल्या. या वेळी कुणी हसलं नाही. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि दोन महिन्यांचा हप्ता आगाऊ काढून माझ्यापुढे ठेवला.

"पंधरा दिवसच आहेत काकू, मग दोन महिन्यांचा कशाला?" मी विचारलं.

"असू दे. मन रमलं तर रायीन जास्त," त्या म्हणाल्या, "पण वापस येईन तवा वहीत माह्या नावाचा रकाना कोरा नाई दिसला पायजे."

मी पावती फाडली. नाव लिहिताना पहिल्यांदा लक्षात आलं, इतकी वर्षं मी वहीत त्यांच्या नवऱ्याचं नाव लिहून पुढे 'यांची पत्नी' असं लिहीत होते. ते खोडलं आणि त्यांना त्यांचं नाव विचारलं.